टेबलटॉप रोल प्लेइंग गेमच्या सेशनला पार्श्वसंगीत कसं लावावं

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र वठवत गोष्ट रचायचा खेळ १९७४ साली आला तेव्हा टेबलावर फासे, कागद, पेन्सिली आणि गेम मास्टरचा, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याचा, आवाज एवढंच होतं. आजही या खेळाचा सगळा डोलारा बोलण्यावरच उभा आहे. म्हणून संगीत लावायचं ठरवलंत की ते बोलण्याच्या खालीच राहील याची काळजी घ्या. ते बदललं किंवा थांबलं, तर मात्र खेळाडूंच्या लक्षात आलं पाहिजे. तीन-चार तास सलग वाजणारी प्लेलिस्ट अर्ध्या तासात पंख्याच्या घरघरीसारखी होते. ती चालू आहे हेच कुणाला कळत नाही. मोजके ट्रॅक, बारीक आवाज आणि नेमक्या वेळी केलेला बदल, एवढ्यावर हे काम होतं.

आधी गटाला विचारा

काही जणांना मागे संगीत असलं की समोरच्याचं बोलणं नीट उलगडत नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना तर हा त्रास हमखास होतो. पहिल्या सेशनच्या आधी नियम आणि पात्रं ठरतात, तेव्हाच हाही प्रश्न विचारून टाका. एकालाही जड जात असेल तर सलग संगीत सोडून द्या आणि फक्त प्रसंगापुरते छोटे तुकडे वापरा. त्यानेही खूप काही साधतं.

ट्रॅक निवडा, पण थोडे

एका संध्याकाळसाठी चार प्रकार पुरेसे आहेत: वस्ती, प्रवास, धास्ती आणि लढाई. प्रत्येकात दोन किंवा तीन ट्रॅक. पन्नास ट्रॅकचा साठा केलात तर ऐन वेळी फोनमध्ये बोट फिरवत बसाल आणि तेवढ्यात प्रसंग थंड होईल.

शब्द असलेली गाणी टाळा. आपलं बोलणं आणि गाण्याचे शब्द दोन्ही एकाच वेळी कानात शिरू पाहतात आणि त्यात बोलणं हरतं. ओळखीच्या गाण्याची नुसती बासरी लावली तरी तेच होतं, कारण डोक्यात शब्द आपोआप सुरू होतात. गाजलेल्या सिनेमाची धून तर नकोच. ती वाजली की कुणीतरी गुणगुणतो, दुसरा त्या सिनेमाबद्दल बोलायला लागतो, आणि तुमचं भुयार तिथेच विसरलं जातं. तंबोऱ्याचा सलग सूर मोहात पाडतो, पण मराठी कानाला त्यानंतर गाणं अपेक्षित असतं. देवळाच्या किंवा मठाच्या प्रसंगात तो शोभतो, धास्तीच्या प्रसंगात नाही.

लढाईच्या ट्रॅकवर थोडा जास्त वेळ घालवा. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लढाईची एक फेरी कथेत सहा सेकंदांची असते, पण टेबलावर तीच फेरी सहज दहा-पंधरा मिनिटं चालते. खेळाडू जादूचे नियम वाचतो, फासे मोजतो, शेजाऱ्याशी सल्लामसलत करतो. अशा वेळी अडीच मिनिटांचा धडाकेबाज ट्रॅक पुन्हा पुन्हा वाजला तर चौथ्या वेळी डोकं उठतं. मध्यम लयीचा, लांब, ढोल-नगाऱ्यांचा जोर सारखा वरखाली न होणारा ट्रॅक शोधा. खरा धडाका शेवटच्या एक-दोन फेऱ्यांसाठी राखून ठेवा.

कुठून आणायचं

टेबलटॉप ऑडिओ या संकेतस्थळावर प्रत्येकी दहा मिनिटांचे ट्रॅक मोफत मिळतात. ते याच खेळांसाठी बनवलेले आहेत, त्यामुळे बंदर, सराई, जंगल, तळघर असं थेट प्रसंगानुसार शोधता येतं. सिरिनस्केप या ॲपमध्ये पाऊस, वीज, गर्दी, तलवारींचा खणखणाट असे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. नव्या माणसाने टेबलटॉप ऑडिओपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण सेशन चालवतानाच ध्वनिमिश्रण करणं हे दुसरं पूर्णवेळ काम होऊन बसतं. यूट्यूब चालतं, पण मध्येच जाहिरात लागण्याचा धोका असतो. जे वापरणार ते आधीच डाउनलोड करून ठेवा.

स्पॉटिफाय वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर प्लेलिस्ट संपल्यावर ते स्वतःच्या मनाने पुढचं काहीतरी लावतं. क्रॉसफेड चालू करा. तो जास्तीत जास्त बारा सेकंदांचा ठेवता येतो, पण सहा-सात सेकंद पुरतात. एक ट्रॅक विरत जातो आणि दुसरा वर येतो, मध्ये खटका बसत नाही.

स्पीकर आणि आवाज

स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवू नका. तिथे तो सगळ्यांच्या बोलण्याच्या आड येतो. टेबलापासून थोडा दूर, कपाटावर किंवा फडताळात ठेवा आणि एकाच खेळाडूच्या कानाशी तो येणार नाही एवढं पाहा. संगीतासाठी शक्यतो वेगळा फोन वापरा आणि त्यावर डू नॉट डिस्टर्ब लावा. थडग्याचं झाकण सरकत असताना स्पीकरमधून व्हॉट्सॲपची टिंग आली तर पुढचं सगळं वर्णन वाया जातं.

आवाजाची पातळी खेळाडू बसल्यावर, पंखा चालू असताना ठरवा. रिकाम्या खोलीत जमलेली पातळी भरल्या खोलीत चालत नाही. टेबलाच्या दूरच्या टोकाला बसलेल्याला नेहमीच्या आवाजात एक वाक्य म्हणायला सांगा. ते तुम्हाला कान न देता ऐकू आलं पाहिजे. आसपास आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली मांडलं. टेबलावर ते रोज दिसतं. संगीत थोडं चढतं, खेळाडू मोठ्याने बोलतात, मग गेम मास्टर संगीत आणखी वाढवतो, आणि तासाभरात सगळे घसा फोडून बोलत असतात. आवाज चढलेले जाणवले की लगेच संगीत उतरवा.

टिपणात खुणा करा

साहसाच्या टिपणात प्रत्येक प्रसंगाशेजारी समासात एक अक्षर लिहा. व म्हणजे वस्ती, ध म्हणजे धास्ती. फोनमधल्या प्लेलिस्टला तीच नावं द्या. बोट एकदाच टेकवलं की ट्रॅक सुरू झाला पाहिजे.

नवा प्रसंग सुरू करताना आधी ट्रॅक लावा, पाच-सहा सेकंद गप्प राहा आणि मग वर्णनाला सुरुवात करा. तेवढ्यात गप्पा आपोआप थांबतात.

लढाईचं मात्र उलट आहे. संगीत खेळाडूंना बातमी देतं. पुलावरचा पहारेकरी अजून बोलतोय आणि तुम्ही नगारे लावलेत, तर खेळाडूंना कळतं की गेम मास्टरने मारामारी ठरवलेली आहे. मग कुणी लाच देणार नाही, कुणी थाप मारून निसटणार नाही, सगळे तलवारी उपसतील. त्यांची निवड तुम्ही हिरावून घेतलीत. इनिशिएटिव्हचे, म्हणजे लढाईत कुणाची पाळी आधी हे ठरवणारे, फासे पडल्यावरच लढाईचा ट्रॅक लावा, आधी नाही.

थांबवणं

हे सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. समजा पात्रं तळघरात उतरली आहेत आणि वीस मिनिटं पाणी ठिबकण्याचा आवाज चालू आहे. खेळाडूंचं त्याकडे लक्षही नाही. कुणीतरी सांगतं, मी दार ढकलतो. तुम्ही आवाज बंद करा आणि लगेच काही बोलू नका. सगळ्यांच्या माना वर होतात. दारापलीकडे काय आहे ते आता हळू आवाजात सांगा. एका सेशनमध्ये हे एकदा करा, फार तर दोनदा.

संगीत कथेच्या आत आणा

पात्रांना स्वतःला ऐकू येणारं संगीत हा वेगळाच मामला आहे, आणि इथे शब्दांचीही मुभा आहे. कॉल ऑफ कथुलू हा १९८१ साली आलेला भयखेळ बहुतेकदा १९२०च्या दशकात घडतो. कथा त्या काळच्या मुंबईत नेलीत तर एखाद्या बंगल्यात ग्रामोफोन असणारच. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते, म्हणजे तुम्हाला तीन मिनिटांचं घड्याळ मिळालं. गाणं संपलं की नुसती सुईची खरखर उरते. खोलीत कुणी नाही, तरीही ग्रामोफोनला चावी कुणी दिली? गायिका गौहर जान यांची पहिली ध्वनिमुद्रणं १९०२ साली कोलकात्यात झाली. तबकडीच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत असत. रिकाम्या बंगल्यात त्या आवाजाने नाव उच्चारलं की वेगळं वर्णन करावंच लागत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांचा मोठा साठा ऐकायला मिळतो.

खलनायकालाही एक छोटी धून देता येते. तो दिसेल तेव्हा प्रत्येक वेळी तीच वीस सेकंद वाजवा. धून ओळखीची झाली की एखाद्या मेजवानीत, तो कुठेच नसताना लावा. खेळाडू आपणहून पाहुण्यांचे चेहरे तपासायला लागतील.

ऑनलाइन खेळत असाल तर

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर माइकसमोर स्पीकर ठेवून संगीत ऐकवू नका. तिथली गोंगाट दाबणारी सोय संगीतालाच गोंगाट समजून कापते. केंकू एफएमसारखं ॲप बॉटमार्फत संगीत थेट चॅनेलमध्ये सोडतं, आणि त्या बॉटचा आवाज प्रत्येकाला आपल्यापुरता कमी-जास्त करता येतो. हे खेळाडूंना आवर्जून सांगा. रोल२० या ऑनलाइन टेबलाच्या संकेतस्थळावर संगीत लावायला ज्यूकबॉक्स आहे. तशाच फाउंड्रीमध्ये तर नकाशावरच्या जागेला आवाज चिकटवता येतो, म्हणजे पात्राचं टोकन (सोंगटी) धबधब्याजवळ गेलं की धबधबा ऐकू येतो.

सेशन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर घरगुती ऐकण्यासाठी घेतलेलं संगीत त्यात चालत नाही, हक्कांचा दावा येऊ शकतो. केविन मॅक्लाउड यांच्या इन्कॉम्पेटेक संकेतस्थळावरचं संगीत श्रेय देऊन मोफत वापरता येतं. श्रेयाची ओळ कशी लिहायची ते तिथेच दिलेलं असतं. ती व्हिडिओच्या वर्णनात जशीच्या तशी टाका. बाकी कुठलाही ट्रॅक घेताना त्याचा परवाना डाउनलोड करतानाच वाचा आणि ट्रॅकच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा.