माउन ते शकावे: टपावर तंबू, गळ्यात दुर्बीण

बोट्स्वानात स्वतः गाडी चालवून पक्षी बघायला निघालेल्यांचे प्लॅन मला दाखवायला येतात तेव्हा बहुतेक सगळे एकाच ठिकाणी गंडलेले असतात, ते म्हणजे मॅपवर अंतर बघून दिवस ठरवलेले असतात. माउन ते कसाने, मोरेमी आणि सावुती या जंगलांतून गेलं तर चारशेच्या आसपास किलोमीटर, मग माणूस म्हणतो पुणे-गोवा एवढंच की, एका दिवसात मारू. नाही होत. सगळी वाळू आहे, ताशी २० ने गेलात तरी भरपूर, आणि मधे हत्ती रस्त्यात उभा राहिला की त्याचं आटपेपर्यंत तुम्ही थांबायचं. आम्ही (मी, नवरा आणि धाकटा दीर) पहिल्या वेळी हेच केलं आणि पक्षी कमी, डॅशबोर्डच जास्त बघितला. दुसऱ्या वेळी मुक्काम कमी केले आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री काढल्या, तेव्हा कुठे मजा आली.

रूट सोपा आहे. माउनहून मोरेमीत थर्ड ब्रिज, तिथून ख्वाई, मग सावुती, मग कसाने. तिथे चोबे नदीवर बोट, मग न्गोमाची बॉर्डर ओलांडून नामिबियात कटिमा मुलिलो, तिथून कॅप्रिव्हीच्या (नामिबियाची चिंचोळी पट्टी) सरळसोट डांबरी रस्त्याने दिवुंडू, महांगो पार्क, परत बॉर्डर ओलांडून बोट्स्वानात शकावे, आणि मग ओकावांगो नदीच्या डेल्टाच्या पश्चिम कडेने खाली माउन. १६ दिवस धरा, १४ मध्ये घाई होते.

बुकिंग उलट्या क्रमाने करा. आधी कॅम्पसाईट, मग गाडी, मग विमान. मोरेमी, सावुतीतल्या साईट वेगवेगळ्या खासगी ऑपरेटरांकडे आहेत, जागा मोजक्या, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा मेल टाकायचा आणि तारखा जुळवत बसायचं, डोकं फिरतं पण इलाज नाही. बुकिंगशिवाय गेटवर जाऊन उभं राहू नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते वकिलातीच्या साईटवरच बघा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, आणि गाडी दुसऱ्या देशात नेणार असाल तर भाड्याने देणाऱ्याकडून तसं पत्र हवंच, नाहीतर न्गोमाला परत फिरवतील.

कधी जायचं? मी म्हणेन सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. ऑक्टोबरात ऊन ४० ला टेकतं. गंमत म्हणजे डेल्टात पूर येतो तो तिथल्या पावसाचा नाही, अंगोलाच्या डोंगरात पडलेलं पाणी हळूहळू सरकत येतं आणि ऐन कोरड्या थंडीत, जून ते ऑगस्टला, ओकावांगो भरलेला असतो. सप्टेंबरात पाणी उतरायला लागतं, जनावरं आणि पक्षी उरलेल्या पाण्यापाशी गोळा होतात, आणि कार्माईन बी-ईटर (आपल्या वेड्या राघूचे लाल भाऊबंद) येऊन पोचलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च पाहुणे पक्षी जास्त, चातक असतो, आपल्या लोणावळ्यावरून नोव्हेंबरात जाणारे अमूर ससाणेही डिसेंबरात तिकडे पोचतात, पण मग पाऊस असतो आणि सावुतीच्या मार्शमध्ये ब्लॅक कॉटन सॉइल आहे. म्हणजे आपली काळी माती. ओली झाल्यावर ती चाकाचं काय करते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

गाडी डबल कॅब फोर बाय फोर, टपावर तंबू, मागे फ्रीज, आणि दोन स्टेपन्या. ताब्यात घेताना तासभर लावा आणि प्रत्येक वस्तू उघडून बघा: कॉम्प्रेसर चालतोय का, जॅक वर जातोय का, फावडं आहे का, लो रेंज (वाळूत जोर लावायचा हळू गियर) पडतोय का. लाज वाटू देऊ नका. आमचा कॉम्प्रेसर ख्वाईला पहिल्यांदा काढला तेव्हा कळलं की त्याचा फ्यूज उडालेला होता, मग शेजारच्या कॅम्पातल्या आजोबांनी हवा भरून दिली आणि वर चहा पाजला. डिझेल माउनला गळ्यापर्यंत भरा, पुढचा भरवशाचा पंप थेट कसानेला. वाळूत लिटरला ५-६ किलोमीटर धरा, म्हणजे जेरीकॅन लागणारच.

आता वाळू. डांबरावर हवा ३२-३४ पीएसआय, वाळू लागली की २०-२२, आणि अडकलात तर १६-१७ पर्यंत खाली. टायर पोट सुटल्यासारखा दिसायला लागतो, घाबरू नका, तेच हवंय. सकाळी वाळू थंड आणि घट्ट असते म्हणून जड पट्टे ११ च्या आत उरकायचे. सावुतीच्या अलीकडे दिराने "अजून थोडं जाऊ मग हवा काढू" म्हटलं आणि गाडी एक्सलपर्यंत बसली. अशा वेळी रेस करायची नाही, चाक फिरलं की अजून खाली जातं. उतरायच्या आधी चारी बाजूंना बघा (सिंह झाडाखालीच झोपतात, आणि सावलीत तुम्हालाही थांबायचं असतं), मग चाकांमागची वाळू उपसा, हवा काढा, आणि आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्स. आम्हाला ४० मिनिटं लागली. आणि वाळलेल्या गवतातून गेलात तर थांबल्यावर खाली वाकून सायलेन्सरपाशी गवत अडकलंय का बघा, त्याने गाड्या पेटतात, हे खोटं नाही.

कॅम्पला कुंपण नसतं. हे वाचून सगळे मान डोलावतात पण रात्री एक वाजता हत्ती तंबूच्या शिडीपाशी येऊन शेंगा वेचायला लागतो तेव्हा समजतं. गप्प पडून राहायचं, टॉर्च मारायचा नाही, तो जातो. लघवी वगैरे सगळं झोपायच्या आधी, अंधारात चालत टॉयलेटला नाही म्हणजे नाही. पाण्याच्या काठाशी उभं राहायचं नाही, मगरी आहेत. संत्री-मोसंबी आणू नका, हत्तींना वास लांबून येतो. खाण्याच्या वस्तू, कचरा आणि चपला रात्री गाडीत बंद. चपला मुद्दाम लिहिल्यात. माझी डावी कोल्हापुरी तरसाने नेली, उजवी तशीच ठेवली, ती मी अजून जपून ठेवलीय. थर्ड ब्रिजला तरसापेक्षा माकडं वाईट, बबून, पाठ वळली की ब्रेड गेला.

जेवणाचं सोपं आहे, तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सगळं सीलबंद न्या आणि विमानतळावर डिक्लेअर करा. तीन पायांचं बिडाचं भांडं मिळतं तिकडे, पॉइकी म्हणतात, निखाऱ्यांवर त्यात खिचडी अशी होते की घरी होत नाही. कच्चं मांस बॉर्डरवर आणि जनावरांच्या रोगासाठी घातलेल्या फेन्सवर काढून घेतात, आणि गाडीतले सगळे बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात, म्हणून ते वरच ठेवा.

पक्षी बघायला गाडीतून उतरू नका, पार्कात परवानगीही नाही, आणि गाडी हीच उत्तम लपण आहे. इंजिन बंद करून पाण्यापाशी तासभर बसा. थर्ड ब्रिजच्या दलदलीत स्लेटी इग्रेट शोधा, फार थोड्या भागात मिळणारा बगळा आहे: अंग राखाडी, गळा विटकरी, पाय पिवळे. सगळाच काळा असेल आणि पंखांची छत्री करून पाण्यावर सावली धरत असेल तर तो ब्लॅक हेरॉन, चेकलिस्टवर घाईने टिक करू नका. सावुतीत कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा भाऊ, शांतपणे चालत असतो आणि नशीब असेल तर त्याच्या पाठीवर कार्माईन बी-ईटर बसलेला असतो, चालताना गवतातले किडे उडतात ते पकडायला. कसानेला बोट पहाटेची घ्या, रॅपिड्सपाशी दगडांवर रॉक प्रॅटिनकोल हा छोटा पक्षी दिसतो. कटिमाजवळ झांबेझीच्या काठी कार्माईनच्या वसाहती असतात, वेड्या राघूला लालभडक रंगात बुडवून शेकड्याने उधळलं असं समजा. महांगोत वॉटल्ड क्रेन, म्हणजे क्रौंच.

आणि शकावेला पेल्स फिशिंग आउल, मासे खाणारं घुबड. एकट्याने शोधत बसू नका, स्थानिक गाइड आणि छोटी बोट घ्या, पैसे वसूल. दिवसा तो नदीकाठच्या दाट पानांत आत बसतो. आमच्या गाइडने बोट काठाला लावली, बोट दाखवलं, आणि मला दहा मिनिटं फक्त पानं दिसत होती. मग एक तपकिरी-केशरी फांदी हलली आणि तिला दोन काळे डोळे होते. नवऱ्याने फोटो काढले सत्तर, त्यातल्या पासष्टात पानंच आहेत.