डोणीतली घाण वरून येते, काठावरून की आतून?

डोणीत, म्हणजे गुरांच्या पिण्याच्या पाण्याच्या कुंडीत, घाण दिसली की शिव्या कावळ्याला बसतात. जाळी, तार, चकचकीत पट्ट्या यांवर पैसे घालण्याआधी डोण रिकामी करून घासा, भरा आणि संध्याकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. पाण्याच्या मधोमध आणि आजूबाजूच्या जमिनीवर शिंतोडे असतील, तर पाखरे वर वाशावर किंवा लोखंडी अँगलवर बसतात. काठावर पांढरे ओघळ असतील, तर काठच त्यांची बैठक. तळाशी भिजलेला पाव, भाताची शिते, मासळीचे काटे सापडले, तर तो कावळाच. सुका पाव पाण्यात भिजवून मऊ करून खाण्याची त्याची खोड जुनी आहे.

वरून पडणाऱ्या घाणीवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डोण वाशाखालून मीटरभर सरकवणे. चिऱ्यांची बांधलेली डोण हलत नसेल, तर तिच्यावर गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा तिरका लावा. उतार 45 अंशांपेक्षा जास्त हवा, कारण त्याहून कमी उतारावर कबुतर आरामात बसते. पत्र्याची वरची कड भिंतीला घट्ट टेकवा; फट राहिली की तिथेच घरटे होते. पत्रा काठापासून किमान 1 मीटर उंच ठेवा, नाहीतर गुरे मान वर करताना बिचकतात आणि पाणी अर्धवट टाकतात. छताखाली जाळी लावायची असेल तर कबुतरांना 50 मिलिमीटरची पुरते, चिमण्यांसाठी 20 ची लागते. छपराची पन्हळ मात्र डोणीत कधीच सोडू नका. उन्हाळाभर कौलांवर साचलेली विष्ठा पहिल्या पावसात थेट पाण्यात उतरते.

काठासाठी मासे गरवायचा तंगूस उत्तम. साधारण 1 मिलिमीटर जाडीचा घ्या आणि मागच्या व दोन्ही बाजूंच्या काठांवर, 6-7 सेंटिमीटर उंचीवर ताणून बांधा. पाखरू उतरले की दोरी हलते, पाय ठरत नाही. खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत साध्या तारेला लवकर गंज चढतो. तंगूस सैल पडला तर पाखराचा पाय अडकतो, म्हणून आठवड्याला एकदा ताण बघायचा. गुरे पितात त्या बाजूला दोरी चालत नाही, गळ्याला लागते. तिथे काठाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन 1:4 सिमेंट-वाळूचा गुळगुळीत गिलावा करा. आतली कड गोल ठेवा.

आतली घाण कमी करायची तर उघडे पाणी कमी करा. मोठी उघडी टाकी ठेवण्यापेक्षा साठा झाकलेल्या टाकीत ठेवा आणि डोण 60-80 लिटरची, बॉल कॉकवर चालणारी घ्या. तहानलेली दुभती गाय मिनिटाला 10 ते 20 लिटर ओढते, तेव्हा पाऊण इंची पाइप आणि पुरेसा दाब हवा; नाहीतर मागची जनावरे तहानलेली राहतात. बॉल कॉकवर झाकण हवेच, नाहीतर तोच पाखरांचा पाट होतो. लांब डोण असेल तर एका जनावरामागे 60 सेंटिमीटर मोकळे सोडून बाकी भाग तिरक्या पत्र्याने झाका. श्वेतकपिलेला, म्हणजे गोव्याच्या देशी गाईला, तेवढे पुरते. म्हशीची शिंगे मात्र मोजा आणि त्यावर 20 सेंटिमीटर जास्त सोडा. सावलीमुळे शेवाळही कमी होते, हा वरचा फायदा. आत एक चिरा तिरका टेकवून ठेवा, म्हणजे पडलेले पिल्लू वर चढू शकते. मेलेले पाखरू सापडले तर सगळे पाणी ओता, कारण कुजलेल्या मढ्यातून बॉट्युलिझमचे विष पाण्यात उतरू शकते.

धुताना क्रम चुकवू नका. आधी ब्रशने घासा, कारण विष्ठा आणि शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतात. मग 10 लिटर पाण्यात 15 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून आतून फासा, 20-30 मिनिटांनी दोनदा धुवा. उघडून ठेवलेल्या पिशवीतली जुनी पावडर बहुधा निकामी झालेली असते. दर पंधरवड्याला चुन्याचा हात दिला की घाण लगेच दिसते.

चकचकीत पट्ट्या आणि प्लास्टिकची घुबडे चार दिवस चालतात, पुढे कावळा घुबडाच्या डोक्यावर बसतो. विष किंवा चिकट सापळे अजिबात नकोत: डोणीवर मोरही येतात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे.

एप्रिल-मेमध्ये ओहोळ आटले की कितीही बंदोबस्त केला तरी पाखरे येणारच. त्यांच्यासाठी डोणीपासून 15-20 मीटर अंतरावर मातीची पसरट थाळी ठेवा, पाणी 4-5 सेंटिमीटर खोल, रोज सकाळी बदललेले. फक्त ती आंब्याखाली ठेवू नका, वरून विष्ठा तिच्यातही पडते.