बेसिकचा नवा कंपायलर चालत्या कामावर कसा आणावा

वागळे इस्टेटच्या गाळ्यांत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एमआयडीसीत जॉबवर्कची चलनं, काट्यावरची वजनं, आठवड्याची मजुरी हे सगळं अजूनही कुठे कुठे क्विकबेसिकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरच्या जुन्या बेसिक भाषेत, लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतं. जुना पीसी गेला की काम अडतं. ६४-बिट विंडोज डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालवत नाही, आणि विंडोज ११ तर ६४-बिटमध्येच येतं. मग नवा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, आणावा लागतो. हे काम मी बऱ्याच गाळ्यांत केलंय आणि त्यावर कानावर येणारे बहुतेक सल्ले नुकसान करणारे आहेत.

पहिला सल्ला असतो, सगळं पायथॉनमध्ये नव्याने लिहून घ्या. असं सांगणाऱ्याने तो जुना प्रोग्राम उघडून पाहिलेला नसतो. कुठल्या गिऱ्हाइकाला घट किती धरायची, अर्धा दिवस भरला तर भत्ता द्यायचा का, हे नियम त्या कोडमध्येच आहेत, दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाहीत. दुसरा सल्ला असतो, डॉसबॉक्स टाका, म्हणजे नव्या विंडोजवर जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम. डॉसबॉक्स जुने खेळ चालवायला बनवलाय, त्याच्या भरवशावर मी कुणाची बिलं ठेवत नाही. कोड ठेवा, कंपायलर बदला.

कुठला घ्यायचा? डेटाफाईल जुन्याच वापरायच्या असतील आणि प्रोग्राम फारसा वाढवायचा नसेल तर क्यूबी६४ फिनिक्स एडिशन. तो मुद्दाम क्विकबेसिक ४.५ शी जुळवून बनवलाय. प्रोग्राम वाढवायचा असेल, इतर लायब्ररी जोडायच्या असतील तर फ्रीबेसिक. दोन्ही फुकट आहेत.

बॅकअप घेतलेला आहे असं धरून पुढे जातो.

मूळ प्रोग्राम आधी साध्या टेक्स्टमध्ये आणा. क्विकबेसिक ४.५ मुळात आपल्याच बायनरी स्वरूपात सेव्ह करतं आणि ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली की नुसता कचरा दिसतो. तेवढ्यापुरता डॉसबॉक्स वापरा, त्यात क्विकबेसिक उघडा आणि सेव्ह करताना टेक्स्ट निवडा. त्याहून जुनं जीडब्ल्यू-बेसिक असेल तर सेव्हच्या ओळीत नावापुढे स्वल्पविराम आणि ए.

नवा कंपायलर वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला. अँटिव्हायरस बेसिकच्या ताज्या ईएक्सईवर विनाकारण संशय घेतो, तेव्हा तो फोल्डर तपासणीतून वगळा.

आता कंपाइल करा. फ्रीबेसिक त्याच्या नेहमीच्या बोलीत (वेगळा पर्याय दिला नाही तर लागू होणाऱ्या नियमांत) भरपूर चुका दाखवेल: व्हेरिएबल आधी जाहीर करा, नावापुढची टक्क्याची आणि डॉलरची खूण काढा, गोसब (दुसऱ्या ओळीवर उडी मारून परत येणं) चालणार नाही. यातल्या एकाही चुकीला घाबरू नका. कंपायलर ओळ क्रमांकासकट सांगतो, एका संध्याकाळीत सगळं निस्तरतं. मला भीती वाटते ती कंपायलर गप्प बसतो त्या जागांची.

त्यातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे रँडम फाईलचा रेकॉर्ड, म्हणजे सारख्या लांबीच्या आणि क्रमांकावरून थेट शोधल्या जाणाऱ्या नोंदींतली एक नोंद. २०१७ च्या पावसाळ्यात वागळेतल्या एका पत्रेकामाच्या गाळ्यात मी फ्रीबेसिकवर प्रोग्राम आणला, एकही चूक न येता कंपाइल झाला, स्क्रीन जशीच्या तशी आली, आणि मी तो चालू फाईलवर सुरू करून दिला. काकांनी, म्हणजे तिथल्या हिशेबनिसांनी, दुसऱ्या क्रमांकाच्या नोंदीत दर बदलून सेव्ह केलं. संध्याकाळी तिसऱ्या नोंदीचं नावच सापडेना. पुढचे दोन दिवस काका कागदी चलनं वाचत होते आणि मी बसून नोंदी पुन्हा भरत होतो. काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेव्हापासून खालची तपासणी केल्याशिवाय मी कुठलाही प्रोग्राम चालू फाईलवर लावलेला नाही.

झालं होतं असं. त्या नोंदीत एक इंटिजर (पूर्णांक) क्रमांक, २५ अक्षरांचं नाव, आणि वजन व दर असे दोन सिंगल (दशांश आकडे) होते. क्विकबेसिकमध्ये इंटिजर २ बाइटचा, नाव २५, सिंगल ४-४. एकूण ३५. ६४-बिट फ्रीबेसिकच्या नेहमीच्या बोलीत तोच इंटिजर ८ बाइटचा होतो. शिवाय प्रोसेसरला आकडे ठरावीक पत्त्यांवर लागतात म्हणून कंपायलर मध्ये आणि शेवटी रिकामे बाइट सोडतो. तोच टाइप, म्हणजे नोंदीचा आराखडा, ४८ बाइटचा झाला. फाईल उघडताना रेकॉर्डची लांबी लेन (बाइटांतली लांबी सांगणारी आज्ञा) वापरून घेतलेली होती, त्यामुळे दुसरी नोंद ३६ व्या बाइटऐवजी ४९ व्या बाइटपासून लिहिली गेली आणि तिसऱ्या जुन्या नोंदीचा मोठा भाग पुसला गेला. कंपायलरच्या लेखी यात कुठेच चूक नव्हती.

म्हणून पहिली ओळ ही लिहा: प्रत्येक टाइपची लेन छापणारी, बाकी काही न करणारी. जुन्या कंपायलरवर आणि नव्यावर दोन्हीकडे चालवा. आकडे जुळले नाहीत तर डेटाफाईलला हात लावायचा नाही. क्यूबी६४ मध्ये ३५ च येतील, कारण त्याने इंटिजर २ बाइटचाच ठेवलाय. फ्रीबेसिकमध्ये इंटिजरच्या जागी शॉर्ट लिहा, टाइपच्या नावापुढे फील्ड = १ लावा, म्हणजे रिकामे बाइट सुटत नाहीत. लाँग (मोठा पूर्णांक) दोन्हीकडे ४ बाइटचाच आहे, तो तसाच राहू द्या.

एवढं करूनही मला ३६ दिसले होते. एका बाइटसाठी मी रात्रभर बसलो. ठरावीक लांबीच्या स्ट्रिंगला, म्हणजे अक्षरांच्या रकान्याला, फ्रीबेसिक शेवटी शून्याचा एक बाइट जोडत होतं. मी वापरलेल्या १.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत हे तसंच आहे. स्ट्रिंग २४ ची करा, असं काहीजण सांगतात. करू नका, पंचविसावं अक्षर जातं. नावासाठी ० ते २४ असा यूबाइटचा ॲरे (एकेका बाइटची यादी) घ्या आणि दाखवताना त्याची स्ट्रिंग बनवा. मग बरोबर ३५.

लेन जुळली की फाईलच्या प्रतीवर दुसरी तपासणी. नव्या कंपायलरने सगळ्या नोंदी एकेक वाचून दुसऱ्या फाईलमध्ये लिहा, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एफसी ही आज्ञा /बी लावून दोन्ही फाईलींवर चालवा. एका बाइटचाही फरक आला तर थांबा.

तिसरी तपासणी बेरजेची. वजनाच्या रकान्याची बेरीज जुन्या आणि नव्या प्रोग्राममध्ये काढा. ही वेगळी करावी लागते, कारण जीडब्ल्यू-बेसिकच्या काळातल्या फाईलींत दशांश आकडे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या बायनरी पद्धतीने साठवलेत, तर क्विकबेसिक ४.० पासून आयईईई ही आजची प्रमाण पद्धत आली. बाइट तेच राहतात, अर्थ बदलतो: जुन्या पद्धतीतला १ नव्या पद्धतीने वाचला तर उणे २.३५ गुणिले १० चा उणे ३८ वा घात दिसतो. असे आकडे दिसले तर क्विकबेसिक ४.५ मधलं सीव्हीएसएमबीएफ हे जुने आकडे वाचणारं फंक्शन वापरून फाईल एकदाच रूपांतरित करून घ्या.

सी-डॅकचं जिस्ट कार्ड (पीसीवर भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) वापरून भरलेली मराठी नावं इस्कीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या भारतीय लिप्यांच्या संकेतात, असतील. ती याच खेपेला युनिकोडमध्ये नेऊ नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे २५ बाइटांत जेमतेम ८ चिन्हं. तो बदल नंतर, वेगळा करा.

कंपायलर गप्प बसतो ती दुसरी जागा म्हणजे सबला (प्रोग्राममधल्या उपप्रोग्रामला) दिलेले आकडे. क्विकबेसिकमध्ये सबने आत बदललेली किंमत बाहेरही बदलते. फ्रीबेसिकच्या नेहमीच्या बोलीत आकड्यांची फक्त प्रत आत जाते, त्यामुळे सबने काढलेला कर बाहेर शून्यच राहतो आणि बिल कराशिवाय छापलं जातं. प्रत्येक सबच्या आकडी पॅरामीटरपुढे बायरेफ (प्रत नको, मूळ आकडाच दे) लिहा, कुठे गरज आहे आणि कुठे नाही याचा विचार करत बसू नका. -लँग क्यूबी हा पर्याय लावून कंपाइल केलं तर जुने नियम लागू होतात आणि इंटिजरही २ बाइटचा होतो, तरी लेन छापून बघाच.

छपाई सोपी आहे. डॉट मॅट्रिक्सवर एक बिल काढा, जुन्या बिलावर ठेवून उजेडात धरा, रकाने एकमेकांवर बसले पाहिजेत.

मग एक पूर्ण महिना दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवा, नवा फाईलच्या प्रतीवर. शेठ म्हणतील, दोनदा नोंद कशाला, आठवडा पुरे. ऐकू नका. उचल, महिनाअखेरचा पगार आणि पुढे ओढलेली बाकी आठवड्यात येत नाही, आणि फरक निघतो तो तिथेच. रोज संध्याकाळी दोन्हीकडची बेरीज वहीत लिहायला सांगा, काका ते नीट करतात.

महिना जुळला की साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदल करा. जुन्या फोल्डरला तारीख घाला आणि तो केवळ वाचण्यापुरता ठेवा. कंपायलरची झिप फाईल, टेक्स्टमधला मूळ प्रोग्राम, लेन छापणारा छोटा प्रोग्राम आणि कंपाइल करताना दिलेली ओळ एका पेन ड्राइव्हवर घेऊन काकांच्या कपाटात ठेवा. कंपायलरची पुढची आवृत्ती आली की तोच लेनचा प्रोग्राम सगळ्यात आधी चालवायचा आहे.