आधी एका माणसाचा डेटा शोधा

क्लाउडवरच्या कंप्लायन्सचं, म्हणजे डेटा कायदे-नियमांप्रमाणे सांभाळण्याचं, काम अंगावर आलं की बहुतेक टीम चेकलिस्ट उघडून बसतात. माझं सांगणं वेगळं आहे. आधी कुठल्याही एका ग्राहकाचा आयडी घ्या आणि त्या माणसाचा ईमेल, फोन नंबर तुमच्या सिस्टीममध्ये कुठे कुठे पडलाय ते शोधून काढा. सगळं सापडेपर्यंत कुठल्याही धोरणाचा मसुदा लिहायला घेऊ नका.

मला हे चुकीतून कळलं. एका बाईंनी आपली माहिती पुसून टाका अशी विनंती आमच्याकडे केली होती. मी स्वतः मुख्य डेटाबेसमधून त्यांचं रेकॉर्ड काढलं, दोनदा तपासलं आणि काम झाल्याचं कळवलं. सहा आठवड्यांनी त्यांना आमच्याकडूनच एक ईमेल गेला. टेस्टच्या डेटाबेसमध्ये प्रॉडक्शनची, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टीमची, जुनी कॉपी होती, आणि कोणीतरी ईमेलची चाचणी घेताना ती सगळी यादी वापरली होती. तुम्ही मला खोटं का सांगितलंत, एवढंच त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले नव्हते, पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर फरक काय पडतो?

त्यानंतर मी तो एकच आयडी घेऊन शोधायला बसले. मुख्य डेटाबेस, त्याची रेप्लिका (सतत जुळवून ठेवलेली प्रत), रोजचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची बॅकअप प्रत), बकेटमधले (क्लाउडवर फाइल ठेवायची जागा) महिन्याचे सीएसव्ही रिपोर्ट, टेस्टची कॉपी, सपोर्टच्या तिकिटांना जोडलेले स्क्रीनशॉट आणि लॉग (सिस्टीममध्ये काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी). सात ठिकाणं निघाली. लॉगचा मला सर्वांत मोठा धक्का बसला. लॉगिन फसलं की आमचा कोड एररसोबत आलेली अख्खी रिक्वेस्ट छापत होता, म्हणजे त्यात ईमेल आणि फोन नंबर उघड्यावर. हे मुद्दाम कोणीच केलं नव्हतं; डीबगिंगसाठी घातलेली एक ओळ काढायची राहून गेली होती.

सापडलेल्या प्रत्येक ठिकाणाची तक्त्यात एक ओळ करा: कुठला डेटा, कशासाठी, कोणाला दिसतो, कुठल्या रीजनमध्ये (क्लाउड कंपनीची डेटा सेंटर्स ज्या भागात आहेत तो) आहे, किती दिवस ठेवायचा. जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ३० मध्ये जी नोंदवही मागितली आहे, ती जवळपास हीच. ऑडिटरसमोरही मी आधी हाच तक्ता ठेवते.

आता पुसणं. बकेटवर व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणं, चालू असेल तर साध्या डिलीटने फाइल जात नाही. वर फक्त डिलीट मार्कर बसतो आणि जुनी आवृत्ती खाली तशीच राहते. म्हणून जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसांनी उडवणारा लाइफसायकल नियम लावा. बॅकअपमधून एकच माणूस वेगळा काढणं व्यवहारात जमत नाही, तेव्हा बॅकअपची मुदत बांधून घ्या. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या आरडीएस या डेटाबेस सेवेमध्ये ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. पण हाताने घेतलेला स्नॅपशॉट कोणी काढेपर्यंत हलत नाही. जुना डेटा हमखास तिथेच सापडतो. शिवाय पुसलेल्या आयडींची एक यादी ठेवा आणि बॅकअप रिस्टोअर केला की ती पुन्हा चालवा, नाहीतर पुसलेली माणसं परत येतील. त्या यादीत फक्त अंतर्गत आयडी असू द्या, ईमेल नको.

ग्राहकाला उत्तरही खरं द्या: मुख्य डेटाबेसमधून आज काढलं, बॅकअपमधून अमुक तारखेपर्यंत जाईल. जीडीपीआरमध्ये अशा विनंतीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे.

प्रमाणपत्रांबद्दल थोडं. क्लाउड कंपनीकडे आयएसओ २७००१ हे माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र आहे, सॉक २ हा सुरक्षेचा ऑडिट रिपोर्ट आहे, म्हणजे आपलं झालं, असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच. ती कागदपत्रं त्यांच्या इमारती, यंत्रं आणि त्यांच्या कामाच्या पद्धतींबद्दल असतात. तुमच्या बकेटची परवानगी कोणाला दिली, हे तुमच्याकडेच राहतं. एस३ या एडब्ल्यूएसच्या फाइल साठवण सेवेमध्ये नव्या बकेटवर पब्लिक ॲक्सेस आपोआप बंद असणं एप्रिल २०२३ पासून सुरू झालं; त्याआधीच्या बकेट एकेक करून तपासा. सॉक २ चा रिपोर्ट मागवाल तेव्हा टाइप २ मागा, कारण टाइप १ एका तारखेपुरता बोलतो आणि टाइप २ काही महिन्यांचा काळ तपासतो. त्यात ग्राहकाने स्वतः काय करायचं याची यादी असते. ती लोक वाचत नाहीत. मी आधी तीच वाचते.

रीजन फ्रँकफर्ट निवडला की डेटा युरोपातच राहिला, असं धरून चालू नका. बॅकअप दुसऱ्या रीजनला जातो का, दुसऱ्या देशातला सपोर्टवाला तो उघडून पाहू शकतो का, हे विचारा. युरोपीय न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी प्रायव्हसी शील्ड हा युरोप-अमेरिका डेटा करार रद्द ठरवला, तेव्हा डेटा अमेरिकेला पाठवण्यासाठी त्यावरच विसंबलेल्यांना एका दिवसात दुसरा आधार शोधावा लागला.

लॉगवर मात्र मी अडून बसते. डेटा फुटल्याचं कळल्यापासून शक्यतो ७२ तासांत नियामकाला कळवायचं, असं जीडीपीआर सांगतो. त्या वेळी पहिला प्रश्न येतो, कोणी काय वाचलं? क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंद ठेवणाऱ्या सेवेचा इव्हेंट इतिहास ९० दिवसांचाच असतो, आणि बकेटमधली एखादी फाइल कोणी वाचली हे त्यात मुळात नोंदवलंच जात नाही. ती नोंद तुम्ही वेगळी चालू करावी लागते. ती आजच चालू करा. लॉग वेगळ्या अकाउंटमध्ये ठेवा, जिथे प्रॉडक्शनच्या ॲडमिनलाही ते पुसता येणार नाहीत. कार्डांचा डेटा हाताळत असाल तर पीसीआय डीएसएस या कार्ड-डेटा सुरक्षेच्या मानकानुसार लॉग १२ महिने ठेवायचे आणि त्यातले शेवटचे तीन महिने लगेच पाहता आले पाहिजेत.

दर तीन महिन्यांनी नवा आयडी घेऊन हा शोध पुन्हा करा. मागच्या खेपेला मला एका ॲनालिस्टच्या नोटबुकमध्ये (कोड आणि त्याचे निकाल एकत्र ठेवणारी फाइल), चार्टच्या खाली छापून राहिलेल्या वीस ओळींत, खरी नावं आणि ईमेल सापडले. नोटबुक साफ केलं, त्याची जुनी व्हर्जन्स काढली, आणि तक्त्यात आठवी ओळ घातली.