नेपाळला स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

२०१६च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी सिंधुपाल्चोकच्या एका गावात पोचलो तेव्हा सॅकमध्ये हातमोज्यांचे तीन जोड होते. आदल्या वर्षी २५ एप्रिलला झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात नेपाळमधली जवळपास नऊ हजार माणसं गेली होती आणि सर्वाधिक बळी याच जिल्ह्यातले. मी एकवीस वर्षांचा, घरं बांधायला निघालेलो. बघतो तर बांधकामावर चिटपाखरू नाही. अख्खं गाव गुडघाभर चिखलात वाकून भात लावत होतं.

माझं गाव मावळातलं. लावणीच्या दिवसांत गवंडी मिळत नाही, हे मला कुणी वेगळं सांगायला हवं होतं का?

आपल्या सुट्टीवरून तारीख ठरवणं

ही चूक सर्रास होते. आपली परीक्षा संपते तेव्हा तिथं असार महिना सुरू होतो, म्हणजे लावणी. मग पावसाचा जोर, दरडी, बंद रस्ते. पुढं दसैंत, म्हणजे त्यांच्या दसऱ्यात, शाळांना मोठी सुट्टी. तेव्हा यजमान संस्थेला ‘मी जुलैत येतोय’ असं कळवू नका, ‘मी कधी येऊ?’ असं विचारा. पहिल्या वाक्याला फक्त ‘वेलकम’ येतं. दुसऱ्याला खरं उत्तर येण्याची निदान शक्यता असते.

तारखांचा आणखी एक घोळ आहे. हेडसर म्हणाले, शाळेची बैठक भदौ पाच गते. मी मनात भाद्रपद धरला, म्हणजे गणपतीच्या आसपास. त्यांचा भदौ सौर, ऑगस्टच्या मध्यानंतर लगेच सुरू होणारा. मी निवांत राहिलो आणि बैठक होऊन गेली. ‘गते’ म्हणजे विक्रम संवतातला दिवस, ‘तारिख’ म्हणजे इंग्रजी. कुणी दिवस सांगितला की या दोन्हींतलं काय, ते तिथल्या तिथं विचारा.

कागदपत्रं

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून लोक नुसतं आधार कार्ड घेऊन निघतात. पंधरा ते पासष्ट वयोगटाला आधारवर प्रवेश नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं.

इतर देशांचं थोडक्यात सांगतो. पगार नाही म्हणजे काम नाही, हा समज व्हिसा अधिकाऱ्यासमोर टिकत नाही. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. केनिया, युगांडासारख्या देशांत जाताना पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाल.

‘अनाथ मुलांसोबत राहायचंय’

इथं जरा थांबून बोलतो, कारण मला सगळ्यात जास्त फोन याच इच्छेचे येतात. मुलं गोड असतात, फोटो छान येतात, हेतूही वाईट नसतो. पण नेपाळमधल्या अनाथालयांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून दलाल त्यांना डोंगरातल्या गावांतून काठमांडूकडे आणतात. पाहुणे आले की देणग्या येतात, देणग्या आल्या की आणखी मुलं लागतात. भूकंपानंतर ही भीती इतकी वाढली की पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणारी हानी रोखा, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही २०१९च्या ठरावात म्हटलं.

त्यात दर तीन आठवड्यांनी नवी ताई, नवा दादा. मूल जीव लावतं, तुम्ही निघून जाता. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

माझी कसोटी सोपी आहे. तुमचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट न मागता एखादी जागा तुम्हाला मुलांसोबत राहू देत असेल, तर ती आणखी कुणाकुणाला राहू देत असेल याचा विचार करा. तिथं जाऊ नका. पैसेही पाठवू नका. मुलांसाठीच काही करायचं असेल तर मुलं स्वतःच्या घरी राहून जिथं शिकतात, अशी गावातली शाळा शोधा.

येत नसलेलं काम हट्टानं मागणं

लावणी उरकल्यावर मी डकर्मी दाजूंच्या, म्हणजे गवंड्याच्या, मागंच लागलो. दगड बसवू द्या. त्यांनी माझे हातमोजे पाहिले आणि वाळू चाळायला बसवलं. दोन दिवस मी फुरंगटून होतो. शेजारून बायका ‘डोको’मध्ये, म्हणजे त्यांच्या त्या पाठीवरच्या टोपलीत, दगड भरून, नाम्लोचा पट्टा कपाळावर घेऊन चढ चढत होत्या. मला रिकामा डोको घेऊनही धाप लागायची.

खरा उपयोग भलतीकडेच झाला. शाळेचं दाखल-रजिस्टर पावसात भिजलं होतं. हेडसरांनी विचारलं, देवनागरी लिहिता येतं ना? पुढचे अकरा दिवस मी पत्र्याच्या शेडमध्ये बसून मुलांची, आईबापांची नावं आणि जन्मतारखा उतरवत होतो. घरी फोनवर सांगायला लाज वाटायची. आई म्हणाली, ‘अरे, मग तलाठ्याकडंच पाठवला असता की तुला!’

वैद्यकीय शाखेच्या मुलांना एकच सांगणं: जे इंजेक्शन इथं द्यायची परवानगी नाही, ते तिथंही द्यायचं नाही. रुग्ण गरीब आहे म्हणून तो सराव करायची जागा होत नाही.

लिपी वाचता येते म्हणजे भाषा येते, असं धरून चालणं

ज्यांच्या घरी राहायचो त्या आमांनी पहिल्याच संध्याकाळी दालभात वाढून विचारलं, ‘मिठो छ?’ मला वाटलं, मीठ विचारतायत. चिमूट दाखवून म्हटलं, थोडं कमी आहे. त्यांचा चेहरा पडला. मिठो म्हणजे चविष्ट, मिठाला नेपाळीत नुन. ‘जेवण चांगलं झालंय का’ या प्रश्नाला मी ‘तितकंसं नाही’ म्हणून मोकळा झालो होतो.

जाण्याआधी पन्नास शब्द तरी शिका, आणि ‘तपाईं’नं, म्हणजे आदराच्या ‘तुम्ही’नं, सुरुवात करा. ‘तिमी’ सलगीचं आहे, ‘तँ’ तर आपण वापरायचंच नाही.

तिथं पोचल्यावर बिनसलं तर

ठरलेलं काम मिळालं नाही, तर आठवडाभर थांबा. पाहुण्याला काय द्यावं हे त्यांनाही सुचत नसतं. स्वयंपाकघरात, शेतात, जिथं हात लागेल तिथं लावा. आठव्या दिवशी समन्वयकाशी बसून बोला. फी घेतली असेल तर तिच्यातलं गावात किती पोचतं, हेही विचारा. उत्तर टाळलं गेलं तरी काय समजायचं ते समजेल.

पण कुणी तुमचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला, किंवा रात्री मुलांची जबाबदारी तुमच्या एकट्यावर टाकली, तर त्याच दिवशी निघा. भारताचा दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे, त्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. डोंगरात मोबाइल हमखास मान टाकतो.

परत आल्यावर

बायोडेटात ‘नेपाळमध्ये घरं बांधली’ असं लिहायचा मोह मलाही झाला होता. ‘शाळेचं रजिस्टर उतरवलं’ असंच लिहिलं. मुलाखतीत त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले.

आणि गावाचा फोन नंबर जपून ठेवा. दसैंच्या आधी हेडसरांचा फोन आला. मला वाटलं, शुभेच्छा द्यायला केला असेल. पण फोन रजिस्टरातल्या आकड्यांसाठी होता. नेपाळीत ५ आणि ८ वेगळ्या वळणानं लिहितात, हे मला रजिस्टर संपत आल्यावर कळलं होतं. सरांनी एकेक नाव वाचलं, मी तेव्हाच्या वहीतून एकेक आकडा सांगितला. पाऊण तास लागला.