गाडी सुरू होत नाही? आधी आवाज ऐका, मग बॉनेट उघडा

चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, की बहुतेक जण पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसतात. ते आधी थांबवा. एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्या, नाहीतर उरलीसुरली बॅटरीही उतरते. त्यापेक्षा आवाज कसा येतोय ते ऐका. मेकॅनिकला फोन केलात तरी तो पहिल्यांदा हेच विचारेल.

डॅशबोर्डचे दिवे छान, पण सेल्फचा आवाजच नाही

आधी साध्या गोष्टी बघा. क्लच पूर्ण दाबलाय का? बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फच घेत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'पी'वर आणि पाय ब्रेकवर हवा. तरीही काही होत नसेल तर 'एन'वर टाकून बघा. बटणाची गाडी असेल तर चावीतला सेल संपला असू शकतो. अनेक मॉडेलमध्ये चावीच बटणाला टेकवून बटण दाबलं की काम होतं. आणि कंपनी फिटेड सीएनजी गाडी गॅस भरल्यावर पंपावरच अडून बसली, तर गॅसच्या नोझलचं झाकण नीट लागलंय का बघा. तिथे एक छोटा स्विच असतो. झाकण उघडं राहिलं तर तो गाडी सुरू होऊ देत नाही.

'कट-कट-कट' आवाज

ही बहुतेक वेळा बॅटरी. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले तर शंका उरत नाही. पण लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. टर्मिनल हाताने हलवून बघा, ते जराही फिरता कामा नये. त्यावर पांढरी-हिरवट पूड साचली असेल तर दहा नंबरच्या पान्याने (बहुतेक गाड्यांना हाच लागतो) आधी मायनसची वायर सोडवा, मग प्लसची. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा आणि उलट क्रमाने, म्हणजे मायनस शेवटी, घट्ट बसवा. मल्टिमीटर असेल तर चांगल्या बॅटरीत इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२च्या खाली म्हणजे ती उतरलीच.

दिवे जराही मंद न होता एकच दणदणीत 'टक' येत असेल, तर स्टार्टर मोटरवर, म्हणजे सेल्फवरच, संशय घ्या.

जम्पर केबल लावताना

उतरलेली बॅटरी या केबलने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करता येते. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. लाल चिमटा आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळा दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचा काळा तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. दुसरी गाडी काही मिनिटं चालू ठेवा, मग तुमची सुरू करा. केबल उलट क्रमाने काढा आणि अर्धा तास तरी गाडी चालवा.

धक्का मारायचा तर फक्त मॅन्युअल गाडीला: इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, तेव्हा उतारावर हा उद्योग करू नका.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही

पेट्रोल आहे का? काट्यावर फार विसंबू नका. पुष्कळ सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, त्यामुळे टाकी कोरडी असेल तर भरलेला सिलिंडर उपयोगाचा नाही. पेट्रोल असेल तर इग्निशन ऑन करून मागच्या सीटखाली दोनेक सेकंद घुंई आवाज येतो का ऐका. तो फ्युएल पंप. आवाज नसेल तर त्याचा फ्यूज किंवा रिले बघा. इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर दुसऱ्या चावीने करून बघा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बॉनेटखाली उंदराने वायरी कुरतडल्यात का तेही तपासा. तसं असेल तर मेकॅनिकपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा.

पाण्यात बुडाली असेल तर

इथे मात्र सेल्फ अजिबात मारू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनचं वेगळं कव्हर लागतं. बॅटरीची मायनस वायर सोडवा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या.