विंडोज मारायची घाई नको: दुरुस्तीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

नाशिकला एम. जी. रोडच्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात क्लास करून आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, विंडोज मारू का?" म्हणजे डिस्क फॉरमॅट करून, पुसून विंडोज नव्याने टाकू का. अरे, मशीन अडलंय कुठे ते तर बघ! पंखा फिरतो का, कंपनीचा लोगो येतो का, की लोगोनंतर अडकतं, एवढं गिऱ्हाइकालाच विचारलं तरी निम्मं काम होतं.

पंखाच फिरत नसेल तर आधी पॉवर केबल, मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तो मदरबोर्डापासून सोडवून 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला जोडली की सुरू व्हायला हवा. पिवळ्या वायरीवर मल्टिमीटरने 11.4 व्होल्टपेक्षा कमी दाखवलं तर बदलाच. त्याचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, ही केस पावसाळ्यात जास्त येते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडलेल्या असतात. खोडरबरने हलकेच पुसा, चुरा झटका, क्लिप 'टक' वाजेपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावलेली, हेही नेहमीचंच.

खरी परीक्षा लोगोनंतर. गंगापूर रोडच्या एका ऑफिसातलं मशीन निळी स्क्रीन दाखवून सारखं रीस्टार्ट होत होतं. आधी कुणीतरी फॉरमॅट सांगून मोकळा झालेला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, शिरलो तर तारीख कित्येक वर्षं मागची. ही तारीख आणि सेटिंग जपणारा मदरबोर्डावरचा सीआर2032 हा 3 व्होल्टचा सेल उतरला होता, आणि त्यापायी स्टोरेजचं सेटिंग रेडवरून एएचसीआयवर गेलेलं (डिस्कशी बोलायच्या या दोन वेगळ्या पद्धती). विंडोज टाकलं होतं रेडवर, मग त्याला डिस्क सापडणार कशी? सेल बदलला, सेटिंग पूर्ववत केलं, टॅलीचा सगळा डेटा जागेवर. फॉरमॅट मारला असता तर?

हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. डेटा हवा की मशीन, हे गिऱ्हाइकाला तिथेच विचारा. चेकिंगचे पैसेही खोलण्याआधीच सांगा, आणि बदललेला पार्ट पिशवीत घालून त्यांच्या हातात द्या.